कमांड लाइनवर हात बसवताना: नवख्या डेव्हलपरसाठी मार्गदर्शक

सॉफ्टवेअरच्या कामाला नव्याने लागलेल्या व्यक्तीची टर्मिनलशी पहिली गाठ बहुधा नाइलाजाने पडते. एखादी लायब्ररी बसवायची असते, सोबतच्या सूचनांत चार ओळी दिलेल्या असतात, त्या चिकटवल्या जातात आणि नेमके काय घडले हे न कळताच खिडकी बंद होते. त्यानंतरचे पाऊल अनेकदा जास्त महागात पडते: कोणा अनुभवी डेव्हलपरची शेकडो ओळींची सेटिंग फाइल जशीच्या तशी उचलली जाते आणि साधा आदेश भलतेच का करतो आहे, हे शोधण्यात दिवस जातो. येथे सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. आधी मूळ साधने हाताखालून घालावीत, आपल्या कामात कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा कराव्या लागतात ते पाहावे आणि मगच एकेक ओळ वाढवत स्वतःची मांडणी उभी करावी. त्या मांडणीतली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, हे तुम्हाला कोणत्याही क्षणी सांगता आले पाहिजे.

पुढे आदेशांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत टाइप करावीत.

टर्मिनल आणि शेल यांतला फरक

टर्मिनल म्हणजे केवळ ती खिडकी, जी तुमची अक्षरे पुढे पाठवते आणि आलेला मजकूर दाखवते. तुम्ही लिहिलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा प्रोग्राम म्हणजे शेल. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत १९८९ साली प्रथम आलेला बॅश हा शेल असतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून झेडएसएच हा शेल मुळातच दिलेला असतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल ही सोय बसवली की आतमध्ये खरेखुरे लिनक्स मिळते. मात्र प्रोजेक्टच्या फाइली त्या लिनक्सच्याच होम फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, ठेवाव्यात, कारण विंडोजच्या ड्राइव्हवरील फाइली तेथून वाचणे बरेच संथ असते. तुमचा शेल कोणता आहे हे पाहण्यासाठी ‘इको’ लिहून जागा सोडावी आणि डॉलरच्या चिन्हाला चिकटून ‘शेल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा.

एंटर दाबल्यावर शेल नेमके काय करतो हे एकदा लक्षात आले की पुढची निम्मी गूढे आपोआप उलगडतात. तो ओळीचे शब्द पाडतो, त्यांतल्या तारांकनासारख्या खुणांच्या जागी प्रत्यक्ष फाइलींची नावे घालतो आणि मगच पहिल्या शब्दाच्या नावाचा प्रोग्राम शोधून उरलेले शब्द त्याच्या हवाली करतो. म्हणजे तारांकन त्या प्रोग्रामला दिसतच नाही. फाइली काढून टाकणाऱ्या ‘आरएम’ या आदेशापुढे ‘*.टीएक्सटी’ असे लिहायचे असताना तारांकन आणि टिंब यांच्यामध्ये चुकून जागा सुटली, तर शेल एकट्या तारांकनाच्या जागी त्या फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू न होणाऱ्या सगळ्या फाइलींची नावे घालतो आणि बॅशमध्ये ‘आरएम’ त्या निमूटपणे पुसून टाकतो. येथे कचरापेटी नसते. गेलेली फाइल गेली. म्हणून एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी: तारांकन असलेला कोणताही धोक्याचा आदेश चालवण्यापूर्वी तीच ओळ ‘आरएम’च्या जागी ‘इको’ घालून चालवावी. शेल कोणती नावे पुढे करणार आहे, ते पडद्यावर दिसते आणि काहीही पुसले जात नाही.

फोल्डरांमध्ये फिरण्याचे आदेश थोडेच आहेत आणि ते दोन दिवसांत अंगवळणी पडतात. आपण कोठे आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ सांगतो, फाइलींची यादी ‘एलएस’ देतो, जागा ‘सीडी’ बदलतो, आणि ‘सीडी’पुढे नुसते वजाचे चिन्ह दिले की आधीच्या फोल्डरमध्ये परत जाता येते. फाइलींची नावे पूर्ण टाइप करू नयेत. पहिली दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाबावे. यात वेळ तर वाचतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे टॅबने नाव पूर्ण झाले याचा अर्थ ती फाइल खरोखरच तेथे आहे, अशी पडताळणीही होते.

हातांच्या सवयी

नवखा डेव्हलपर लांबलचक ओळीतली एक चूक सुधारण्यासाठी डाव्या बाणाची कळ दाबून धरतो, किंवा काल चालवलेला आदेश शोधण्यासाठी वरचा बाण कितीतरी वेळा दाबतो. नवी साधने बसवण्याआधी हे थांबले पाहिजे. कंट्रोल धरून ए दाबल्यास ओळीच्या सुरुवातीला आणि ई दाबल्यास शेवटाला जाता येते. डब्ल्यूने मागचा शब्द पुसला जातो. बॅशमध्ये यू दाबल्यास कर्सरच्या आधीचा मजकूर जातो, तर झेडएसएचमध्ये मुळात संपूर्ण ओळच जाते. यांतल्या बहुतेक कळा पायथनच्या संवादी प्रॉम्प्टमध्येही (आदेशाची वाट पाहणाऱ्या ओळीवरही) चालतात, त्यामुळे एकदा शिकलेले अनेक ठिकाणी कामी येते.

या सगळ्यांत मोलाची कळ म्हणजे कंट्रोल आणि आर. ती दाबून जुन्या आदेशातला कोणताही तुकडा टाइप करावा, म्हणजे तो असलेला सर्वांत अलीकडचा आदेश समोर येतो. तीच कळ पुन्हा दाबल्यास त्याच्याही मागचा येतो. मात्र बॅश मुळात फक्त ५०० आदेश लक्षात ठेवतो, आणि अनेक वितरणे ती मर्यादा थोडीफार वाढवून देत असली तरी सेटिंग फाइलमध्ये (ती कोणती, ते पुढे येईल) ‘हिस्टसाइज’ आणि ‘हिस्टफाइलसाइज’ हे मोठ्या अक्षरांतले दोन आकडे स्वतः वाढवून घेणे चांगले. आयुष्यातली पहिली सेटिंग करायची तर ती हीच करावी, असे माझे ठाम मत आहे.

आणखी दोन गोष्टी घाबरवणाऱ्या असतात. कंट्रोल आणि झेड चुकून दाबले गेले की चालू प्रोग्राम नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो केवळ थांबवलेला असतो आणि ‘एफजी’ लिहिल्यावर परत येतो. कंट्रोल आणि एस दाबले गेले तर टर्मिनल गोठते, कारण त्या कळेचा जुना अर्थ ‘मजकूर दाखवणे थांबव’ असा आहे. कंट्रोल आणि क्यू दाबले की ते पूर्ववत होते.

मदतीसाठी ‘मॅन’ लिहून पुढे आदेशाचे नाव द्यावे. उघडलेल्या पानात तिरपी रेघ देऊन शब्द शोधता येतो, एनने पुढच्या जागी जाता येते आणि क्यूने बाहेर पडता येते. ही पाने रूक्ष असतात हे खरे, पण तुमच्या यंत्रावर असलेल्या नेमक्या आवृत्तीबद्दल तीच बोलतात; इतरत्र सापडलेले उत्तर दुसऱ्याच आवृत्तीचे असण्याची शक्यता कायम राहते.

पाइप

बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आला आणि कमांड लाइनचे सामर्थ्य प्रामुख्याने त्यातच आहे. एका प्रोग्रामचे उत्तर दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती थेट द्यायचे, एवढीच ती कल्पना. त्यासाठी दोन आदेशांच्या मध्ये ‘|’ ही उभी रेघ लिहायची.

एक उदाहरण जवळून पाहू. सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला विनंती करणाऱ्या यंत्राचा पत्ता आहे आणि सर्वाधिक विनंत्या कोठून येतात ते पाहायचे आहे. ‘कट’ हा आदेश प्रत्येक ओळीतला पहिला रकाना काढून देतो. तो ‘सॉर्ट’कडे पाठवला की सारखे पत्ते एकापाठोपाठ येतात. पुढे ‘युनिक’ हा आदेश ‘-सी’ या पर्यायासह चालवावा. त्याचे स्पेलिंग यू, एन, आय, क्यू असे चारच अक्षरांचे आहे. तो सारख्या ओळी एकत्र करून त्यांची संख्या ओळीच्या सुरुवातीला लिहितो. ही यादी पुन्हा ‘सॉर्ट’कडे ‘-आरएन’ या पर्यायासह दिली की मोठी संख्या वर येते, आणि ‘हेड’ पहिल्या दहा ओळी दाखवतो. पहिला ‘सॉर्ट’ अनावश्यक वाटून तो गाळण्याचा मोह होतो, पण ‘युनिक’ फक्त लगतच्याच ओळींची तुलना करतो. सारखे पत्ते विखुरलेले राहिले तर आकडे चुकीचे येतील आणि कोणतीही त्रुटी दाखवली जाणार नाही. म्हणून अशी साखळी एकदम लिहू नये. पहिला आदेश ‘हेड’ला जोडून त्याचे उत्तर पाहावे, मग दुसरा जोडावा, पुन्हा पाहावे, असे करत पुढे जावे.

उत्तर फाइलमध्ये ठेवण्यासाठी ‘>’ हे चिन्ह असते. ते जुना मजकूर पुसून नवा लिहिते, तर ‘>>’ जुन्याच्या खाली भर घालते. येथे एक सापळा आहे: एखाद्या फाइलची क्रमवारी लावून उत्तर त्याच फाइलमध्ये ‘>’ने लिहायला गेलात, तर फाइल रिकामी होते. ‘सॉर्ट’ने वाचायला सुरुवात करण्याआधीच शेलने ती लिहिण्यासाठी उघडून पुसलेली असते. ‘सॉर्ट’साठी ‘-ओ’ हा पर्याय वापरावा, अन्यथा उत्तर वेगळ्या नावाने लिहून मग नाव बदलावे. तसेच त्रुटींचा मजकूर वेगळ्या प्रवाहातून येत असल्याने तो ‘>’ने फाइलमध्ये जात नाही, तो ‘२>’ लिहून वेगळा पकडावा लागतो.

कोडमध्ये शब्द शोधण्यासाठी ‘ग्रेप’ सगळीकडे असतो आणि तो आधी शिकावा. मोठ्या प्रोजेक्टमध्ये मात्र रिपग्रेप बसवून घ्यावे, कारण ते गिटने (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाने) दुर्लक्षित केलेल्या, लपलेल्या आणि बायनरी फाइली मुळातच वगळते आणि अतिशय वेगाने उत्तर देते. कंट्रोल आणि आरची सवय झाल्यावर एफझेडएफ हे साधनही बसवावे. त्यामुळे जुने आदेश यादीच्या रूपात दिसतात आणि अर्धवट आठवणाऱ्या अक्षरांवरूनही सापडतात.

स्वतःची मांडणी कोठून सुरू करावी

दोन-तीन आठवडे, वर सांगितलेली इतिहासाची मर्यादा सोडून, कोणताही बदल न करता काम करावे आणि मग वर शिकलेली साखळी स्वतःच्याच आदेशांवर चालवावी. ‘हिस्ट्री’ या आदेशाचे उत्तर ओळीतले रकाने वेगळे करणाऱ्या ‘ऑक’ या आदेशाकडे देऊन दुसरा रकाना काढावा, कारण पहिल्या रकान्यात अनुक्रमांक असतो, आणि पुढे सॉर्ट, युनिक, सॉर्ट, हेड असे जोडावे. झेडएसएचमध्ये ‘हिस्ट्री’पुढे १ हा आकडा द्यावा लागतो, नाहीतर तो शेवटचे मोजकेच आदेश दाखवतो. जी यादी समोर येईल, ती तुमच्या गरजांची खरी यादी असते. दुसऱ्याच्या सेटिंग फाइलमध्ये त्याच्या गरजा असतात.

त्या यादीतल्या लांब आदेशाला छोटे नाव देणे ही पहिली पायरी, आणि त्यासाठी ‘एलियस’ वापरतात. समजा ‘गिट स्टेटस’ सर्वांत वर आले, तर ‘जीएस’ हे नाव सुचते. पण नाव ठरवण्याआधी ‘टाइप जीएस’ असे लिहून पाहावे: घोस्टस्क्रिप्ट बसवलेले असेल तर त्या प्रोग्रामचे नाव हेच असते आणि तुमचे एलियस त्याला झाकून टाकेल. ‘टाइप’ हा आदेश कोणताही शब्द एलियस आहे, फंक्शन आहे, शेलच्या पोटातला आहे की एखादी फाइल आहे, हे सांगतो.

एलियस टिकवायचे तर ते सेटिंग फाइलमध्ये लिहावे लागते. झेडएसएचसाठी होम फोल्डरमधली ‘.झेडएसएचआरसी’ पुरते. बॅशमध्ये थोडा गोंधळ आहे: साधी खिडकी उघडली तर ‘.बॅशआरसी’ वाचली जाते, पण लॉगिन प्रकारचा शेल ‘.बॅश_प्रोफाइल’ वाचतो, आणि एसएसएचने (दूरच्या यंत्रावर लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामने) दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर मिळणारा शेल त्याच प्रकारचा असतो. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे सगळे ‘.बॅशआरसी’मध्ये ठेवून ‘.बॅश_प्रोफाइल’मधून ती वाचायला सांगणे. बदल केल्यावर ‘सोर्स’ने फाइल पुन्हा वाचवून घ्यावी, नव्या खिडकीत पडताळावे, आणि तोपर्यंत जुनी चालू खिडकी बंद करू नये, नवी उघडेनाशी झाली तर दुरुस्ती जुनीतूनच करता येते.

‘आरएम’ला पुसण्याआधी विचारायला लावणारे एलियस अनेक जण सुचवतात. मी ते टाळण्याचा सल्ला देईन. यंत्र विचारेलच या भरवशावर हात सैल होतात, आणि ज्या सर्व्हरवर ते एलियस नसते तेथे नुकसान होते. सुरक्षित आदेश हवा असेल तर त्याला नवे, वेगळे नाव द्यावे.

एलियसमध्ये त्याच्यापुढे दिलेला शब्द ओळीच्या मध्ये घालता येत नाही. तेथे फंक्शन लागते. नवे फोल्डर करून लगेच त्यात जाणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हेच काम वेगळ्या स्क्रिप्टने होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे: स्क्रिप्ट स्वतंत्र प्रक्रियेत चालते, तिने जागा बदलली तरी ती तिच्यापुरतीच बदलते, आणि ती संपल्यावर तुम्ही होता तेथेच असता. फंक्शन मात्र तुमच्याच शेलमध्ये चालते. म्हणून चालू शेलची स्थिती बदलायची तेथे फंक्शन आणि बाकी सर्व मोठ्या कामांसाठी स्क्रिप्ट, असा नियम ठेवावा.

स्क्रिप्ट आणि पाथ

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘#!’ या खुणेनंतर ती कोणी चालवायची त्या प्रोग्रामचा मार्ग लिहितात, आणि ‘सीएचमॉड +एक्स’ने तिला चालवण्याची परवानगी देतात. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये दुसरी ओळ ‘सेट -ईयू’ अशी असावी, म्हणजे बहुतेक ठिकाणी आदेश फसल्यावर किंवा मूल्य दिलेले नसलेले व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) वापरले गेल्यावर काम तेथेच थांबते. व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणांत लिहावे. नाहीतर जागा असलेल्या फाइलनावाचे दोन शब्द पडतात आणि दोन वेगळ्याच फाइलींवर काम होते. शेलचेक नावाचे मोफत साधन अशा बहुतेक चुका कारणासह दाखवते, आणि प्रत्येक स्क्रिप्ट त्यातून घालावी.

अशा स्क्रिप्टी होमच्या आत ‘.लोकल/बिन’ फोल्डरमध्ये ठेवून ते पाथमध्ये घालावे. पाथ म्हणजे विसर्गासारख्या दोन टिंबांनी अलग केलेली फोल्डरांची यादी. शेल ती डावीकडून उजवीकडे तपासतो आणि पहिल्यांदा सापडलेला प्रोग्राम चालवतो. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असताना ‘चुकीचे’ पायथन चालते ते याच क्रमामुळे. पाथमध्ये भर घालताना त्याचे जुने मूल्य नव्याच्या सोबत लिहायला विसरलात, तर ‘एलएस’सुद्धा ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. प्रोग्राम कोठेही गेलेले नसतात. ‘/बिन/एलएस’ असा पूर्ण मार्ग दिला की ते चालतात, आणि त्याच पद्धतीने ‘/यूएसआर/बिन/नॅनो’ किंवा ‘/यूएसआर/बिन/व्हीआय’ उघडून ती ओळ दुरुस्त करता येते.

प्रॉम्प्टमध्ये चालू फोल्डर आणि गिटची शाखा (बदलांची स्वतंत्र वाट) दिसली तर चुकीच्या शाखेवर कमिट, म्हणजे बदलांची नोंद, होण्याचे प्रसंग कमी होतात. त्यापलीकडची सजावट ज्याच्या त्याच्या आवडीची आहे, पण ती फुकट नसते. नवी खिडकी उघडायला विलंब होऊ लागला तर ‘टाइम झेडएसएच -आय -सी एक्झिट’ असे चालवून वेळ मोजावा आणि प्लगइन एकेक करून बंद करत दोषी कोण ते शोधावे.

गिट, एडिटर आणि दूरचे सर्व्हर

गिटने कमिटचा संदेश मागण्यासाठी विम हा एडिटर उघडला आणि बाहेर पडता येईना, ही नवख्यांची हमखास अडचण. एस्केप दाबून ‘:क्यू!’ लिहून एंटर दिले की बाहेर पडता येते. नंतर गिटच्या ‘कोअर.एडिटर’ या सेटिंगमध्ये तुमच्या पसंतीचा एडिटर नोंदवावा. ‘गिट ॲड -पी’ ही सवय लावून घेतली तर प्रत्येक बदल तुकड्यातुकड्याने समोर येतो आणि तपासासाठी घातलेल्या ओळी चुकून कमिटमध्ये जात नाहीत.

सर्व्हरवर लांब चालणारे काम टीमक्स या प्रोग्रामच्या आत सुरू करावे. जोडणी तुटली तरी काम चालू राहते, आणि परत लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ लिहिल्यावर तेथूनच पुढे पाहता येते. आपणहून बाहेर पडायचे असल्यास कंट्रोल आणि बी, मग डी.

मांडणी जपून ठेवणे

सेटिंग फाइली एका फोल्डरमध्ये एकत्र करून तो गिट रिपॉझिटरी (गिट ज्याचा इतिहास ठेवते असा संग्रह) करावा, आणि होम फोल्डरमधल्या त्यांच्या मूळ जागी ‘एलएन -एस’ने प्रतीकात्मक दुवे ठेवावेत. प्रत्येक बदलाचा स्वतंत्र कमिट करावा आणि संदेशात कारण लिहावे. सहा महिन्यांनी एखादी विचित्र ओळ काढावी की ठेवावी हे ठरवताना तेच उपयोगी पडते. पासवर्ड, टोकन (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त अक्षरे) आणि एसएसएचच्या खासगी किल्ल्या या रिपॉझिटरीत कधीही जाऊ नयेत. गेल्याच तर पुढच्या कमिटमध्ये त्या पुसून भागत नाही, कारण इतिहासात त्या राहतात. टोकन रद्द करून नवे घेणे हाच उपाय आहे. तसेच इंटरनेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट थेट शेलच्या पाइपमध्ये सोडू नये. आधी फाइलमध्ये उतरवावी, वाचावी आणि मगच चालवावी.

ही मांडणी खरोखर सुटी झाली आहे का, हे पाहण्यासाठी यंत्रावर नवे वापरकर्ता खाते उघडावे, रिपॉझिटरी तेथे क्लोन करावी (तिची प्रत उतरवावी) आणि दुवे जोडणारी स्क्रिप्ट चालवावी. जे मोडेल ते बहुधा तुमच्या जुन्या खात्याच्या पूर्ण मार्गांमुळे मोडेल. तेथे डॉलरचिन्हासह ‘होम’ हे मोठ्या अक्षरांतले व्हेरिएबल घालावे. मॅक आणि लिनक्स दोन्ही वापरत असाल तर काही आदेशांचे पर्यायही वेगळे असतात: फाइल जागच्या जागी बदलणारा ‘सेड -आय’ मॅकवर पुढे जादा प्रतीच्या नावाचा शेवट मागतो, लिनक्सवर मागत नाही. अशा ओळी ‘युनेम’चे उत्तर पाहून त्यानुसार चालतील अशा लिहाव्यात, आणि फक्त एकाच यंत्रापुरत्या असलेल्या सेटिंग्ज वेगळ्या स्थानिक फाइलमध्ये ठेवून, ती फाइल असेल तरच वाचावी, अशी अट मुख्य फाइलच्या शेवटी घालावी.